मामेबहिणीशी लग्न ठरलंय आणि रिपोर्टात ‘थॅलेसेमिया ट्रेट’: आता आधी कुणाचं रक्त तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे फोंड्याजवळचे, वय २९. नोकरीआधीच्या तपासणीत हिमोग्लोबिन १२.१ आलं, लोहाच्या गोळ्या चार महिने घेऊनही ते हललं नाही. मग डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी रक्ततपासणी) करायला लावली. त्यात एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.४ टक्के आणि खाली शेरा: ‘बीटा थॅलेसेमिया ट्रेट’, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या या आनुवंशिक आजाराचे वाहक. लग्न मामेबहिणीशी ठरलंय, पुढच्या महिन्यात रजिस्ट्रारकडे पहिली सही आहे. मामा म्हणतात गोत्र वेगळं, एकनाड नाही, मुलीची तपासणी कशाला? आजी म्हणते देवळात कौल घेऊ. दोघांचाही रक्तगट ओ पॉझिटिव्ह, त्यावरूनही कुणीतरी भीती घातली आहे. त्यांचा प्रश्न: ‘लग्न मोडावं का?’ आणि शेवटी जाता जाता एक ओळ: काणकोणला दिलेली धाकटी बहीण सध्या नऊ आठवड्यांची गरोदर आहे.

ही शेवटची ओळ मी आधी घेते. तुमच्या लग्नाला वेळ आहे, बहिणीच्या गरोदरपणाला नाही. तुमच्यात हे जनुक आईकडून किंवा वडिलांकडून आलं आहे, त्यामुळे सख्ख्या बहिणीत ते असण्याची शक्यता निम्मी आहे. तिला आजच फोन करा. तिने नेमकं काय करायचं ते खाली लिहिलं आहे, पण बाकीचं वाचून होईपर्यंतही थांबू नका.

आता तुमचं. लग्न मोडावं का, याचं उत्तर आज कुणीच देऊ शकत नाही, कारण हा प्रश्न एकट्या तुमच्या रिपोर्टाचा नाही, दोघांच्या रिपोर्टांचा आहे. दुसरा रिपोर्ट अजून काढलेलाच नाही. आणि दोघांचे रिपोर्ट सारखे आले तरीसुद्धा लग्न मोडणं हा अनेक मार्गांपैकी फक्त एक मार्ग असतो.

हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी तयार करण्याची सूचना अकराव्या गुणसूत्रावर असते. तिच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. तुमची एक प्रत बिघडलेली आहे, दुसरी ठणठणीत. एका प्रतीवर शरीराचं काम निभतं. म्हणून तुम्ही वाहक आहात, रुग्ण नाही. हे पुढे वाढत नाही, वयाबरोबर ‘मायनर’चं (वाहकाचं) ‘मेजर’ (प्रत्यक्ष आजार) होत नाही, संसर्ग होत नाही, औषधाची गरज नाही. भारतात शंभरात तीन-चार माणसं अशी वाहक आहेत आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसतं. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण जास्त आहे, पण ‘आमच्यात हे नसतं’ असं छातीठोकपणे सांगता येईल असा समाज नाही. मलेरियाच्या प्रदेशांत अशा वाहकांना त्या तापापासून थोडं संरक्षण मिळत आलं, म्हणून हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकलं. त्यात कुणाचं पाप नाही, घराण्याला बट्टा नाही.

तुमचा रिपोर्ट नीट वाचू. एमसीव्ही ६४, म्हणजे लाल पेशी आकाराने लहान (८० च्या खाली गेलं की लहान). पण पेशींची संख्या ६१ लाख, म्हणजे भरपूर. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येने भागलं की ६४ भागिले ६.१, साधारण १०.५ येतं. हा भागाकार १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमिया वाहकाचा संशय घ्यायचा, वर असेल तर लोहाच्या कमतरतेचा. हा आडाखा आहे, निदान नव्हे. निदान एचबीए-२ वरून होतं. ते ३.५ च्या आत असावं, वाहकांमध्ये बहुधा ४ ते ७ च्या दरम्यान असतं. तुमचं ५.४ म्हणजे शंकेला जागा नाही. चार महिन्यांच्या गोळ्यांनी फरक का पडला नाही, हेही यातून कळतं. शरीरात लोह बहुधा कमी नव्हतंच. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचं माप) तपासून ते खरोखर कमी असेल तरच लोह घ्या. वाहकांना ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या देत राहणं ही फार नेहमीची चूक आहे.

हीच तपासणी तुमच्या होणाऱ्या पत्नीची करताना चुका कुठे होतात ते आधीच सांगते. गेल्या तीन महिन्यांत तिला रक्त चढवलं असेल तर रिपोर्ट विश्वासार्ह नाही, कारण त्यात दुसऱ्याच्या पेशी असतात. लोहाची तीव्र कमतरता असेल तर एचबीए-२ खोटं खाली उतरतं आणि वाहक असूनही ‘नॉर्मल’ लिहून येतं. आपल्याकडे तरुण मुलींमध्ये लोह कमी असणं इतकं सर्रास आहे की ही शक्यता दरवेळी धरावी लागते. म्हणून एकाच वेळी तीन गोष्टी मागा: पूर्ण सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि एचपीएलसी. एचबीए-२ ३.३ ते ३.९ च्या मध्ये अडकलं तर त्यावर ‘ठीक आहे’ म्हणून पडदा टाकू नका, तिथे जनुक तपासणी लागते. आणि केवळ ‘थॅलेसेमिया नाही’ एवढं पुरत नाही. हिमोग्लोबिनचे दुसरे प्रकार, म्हणजे सिकल (एचबीएस), एचबीई किंवा वाढलेलं एचबीएफ, यांपैकी काही निघालं तर तुमच्या जनुकाशी त्याची जोडी बाळाला त्रास देऊ शकते. सगळा छापील कागद डॉक्टरांपुढे ठेवा, नुसता शेरा फोनवर वाचून दाखवू नका.

आता गोत्र, नाडी आणि रक्तगट. या तिन्ही गोष्टींमागे ‘होणारी मुलं सुदृढ असावीत’ हीच काळजी आहे, आणि ती काळजी अगदी योग्य आहे. फक्त यांतल्या एकीलाही हे जनुक दिसत नाही.

गोत्र बापाकडून चालत येतं. तुमच्या आईचं गोत्र लग्नानंतर बदललं, तिच्या भावाचं तेच राहिलं, म्हणून तुम्ही आणि मामेबहीण ‘वेगळ्या गोत्राचे’. पण रक्त त्या नियमाने वाहत नाही. बापाकडून फक्त मुलग्याकडे जाणारं असं एकच गुणसूत्र आहे, वाय. अकरावं गुणसूत्र आईकडूनही येतं आणि मुलीकडूनही पुढे जातं. तुमची आई आणि मामा एकाच आई-बापांची मुलं, त्यामुळे तुम्ही आणि मामेबहीण यांच्यात सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली आहेत. सगोत्र पण वीस पिढ्या लांबच्या माणसाशी याहून कितीतरी कमी नातं निघेल. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते. वेगळ्या नाडीचे दोघे वाहक असू शकतात आणि एकनाडीच्या दोघांपैकी एकही नसू शकतो. रक्तगटाचं तर अगदीच सोपं आहे: दोघांचा गट सारखा असल्याने मुलांना काहीही होत नाही. अडचण येते ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असलं तर, आणि तिच्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे, अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. तुम्ही दोघंही पॉझिटिव्ह, तेव्हा हा विषय संपला.

आजींना कौल घ्यायचा असेल तर जरूर घेऊ द्या. फक्त रक्त आधी द्या, म्हणजे रिपोर्ट हातात असताना देवाला विचारता येईल.

आता आकडे. कुणाही परक्या मुलीशी लग्न ठरलं असतं तर ती वाहक असण्याची शक्यता शंभरात तीन-चार. मामेबहिणीचं तसं नाही. जनुक तुम्हाला आईकडून आलं असण्याची शक्यता १/२. आईकडून आलं असेल तर ते मामांकडे असण्याची १/२. मामांकडून त्यांच्या मुलीकडे जाण्याची १/२. तिन्हींचा गुणाकार १/८, म्हणजे साडेबारा टक्के. त्यात मामीकडून किंवा इतर वाटेने येऊ शकणारे दोन-तीन टक्के धरले की साधारण शंभरात पंधरा. परकीपेक्षा चौपट. पण याचा अर्थ असाही होतो की शंभरात पंच्याऐंशी वेळा ती वाहक नसेल आणि या आजारापुरता विषय तिथेच मिटेल.

म्हणून उद्या सकाळी तुमच्या आईचं आणि वडिलांचं सीबीसी आणि एचपीएलसी करून घ्या. वडील वाहक आणि आई नाही असं निघालं, तर मामेबहिणीची शक्यता पुन्हा शंभरात तीन-चारवर येते आणि मामांच्या मनावरचं दडपणही उतरतं. आई वाहक निघाली तर शक्यता चारात एकाहून थोडी जास्त होते, आणि मग ‘मुलीला सुई कशाला’ या म्हणण्याला आधार उरत नाही. अर्थात दोन्ही परिस्थितींत शेवटी मुलीची तपासणी हवीच. शक्यता कितीही कमी असली तरी ती रिपोर्टाची जागा घेऊ शकत नाही. आई-वडिलांच्या तपासणीचा दुसरा उपयोग तुमच्या बहिणीला, काका-मावश्यांना आणि त्यांच्या मुलांना आहे.

तपासणी पहिल्या सहीच्या आधी का? दोन सह्यांमध्ये हरकतींसाठी काही दिवस ठेवलेले असतात, तेवढ्यात रिपोर्ट येईलही. पण तोवर कार्यालय ठरलेलं असतं, आमंत्रणं गेलेली असतात, आणि अशा घाईत कुणाला मोकळेपणाने विचार करता येत नाही. एचपीएलसीला चार-पाच दिवस पुरतात. सही आठवडाभर पुढे गेली तर काही बिघडत नाही.

सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घोळ इथेच होतो. हा रिपोर्ट तुमचा आहे. तो आधी तिला सांगा, तुम्ही स्वतः, बैठकीत चार वडीलधाऱ्यांसमोर नव्हे. ‘मी वाहक आहे, मला आजार नाही, तुझी तपासणी झाली तर आपल्याला नीट कळेल’ एवढी तीन वाक्यं पुरेत. तपासणी करायची की नाही हे तिने ठरवायचं, मामांनी नाही. तिचा रिपोर्ट आधी तिच्या हातात पडला पाहिजे. वाहक निघालेली मुलगी गावात ‘दोषाची’ ठरते आणि वाहक निघालेल्या मुलाचं कुणी नाव काढत नाही, हा अन्याय आपल्या समाजात अजून आहे. आजारी बाळाला जनुक दोघांकडून, अगदी बरोबर निम्मं निम्मं आलेलं असतं. तुमचा रिपोर्ट आधी आला आहे हे त्या दृष्टीने बरंच झालं. तुम्ही तो उघडपणे सांगितलात तर तिला लपवावं लागणार नाही.

ती वाहक नसेल तर: प्रत्येक मुलात वाहक असण्याची शक्यता निम्मी, मेजरची भीती नाही. लग्न करा, मुलं मोठी झाली की त्यांना सांगा.

दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता मेजरची, दोन वाहकाची, एक पूर्ण निर्दोष. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब मांडू नका. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. तीन मुलं झाली तर तिन्ही मेजरपासून मुक्त असण्याची शक्यता २७/६४, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

मेजर म्हणजे काय, तेही समजून घ्या. बाळ जन्मतः छान असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि त्यात बीटा साखळी नसते. सहा महिन्यांनंतर ते ओसरत जातं आणि मूल पांढरं पडू लागतं. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींमध्ये साचतं. म्हणून दहा-वीस वेळा रक्त दिल्यानंतर, किंवा फेरिटिन १००० च्या वर गेलं की, लोह काढणारी औषधं रोज सुरू होतात. उपचार नेमाने मिळाले तर ही मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. पूर्ण बरं होण्याचा रूढ मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, आणि सख्ख्या भावंडाशी जुळणी होण्याची शक्यता प्रत्येकी चारांत एक.

अशा जोडप्याला मार्ग कोणते? पहिला, गर्भाची तपासणी, बहिणीच्या संदर्भात खाली सांगते. दुसरा, आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा) करून पाचव्या दिवसाच्या भ्रूणातल्या काही पेशी तपासून निर्दोष किंवा वाहक भ्रूण निवडणं. हा मार्ग खर्चिक आहे, दरवेळी गर्भ राहीलच असं नाही, आणि राहिला तरी नंतर गर्भाची तपासणी करून खात्री करायला सांगतात. तिसरा, दाता बीज किंवा दत्तक. चौथा, मूल नको असं ठरवणं. आणि पाचवा, लग्नच न करणं. हे तुमच्या दोघांच्या श्रद्धेवर, पैशांवर, मनाच्या तयारीवर अवलंबून आहे, बाहेरचा माणूस ठरवू शकत नाही. सायप्रस बेटावर १९८० च्या दशकापासून चर्चमध्ये लग्नाआधी थॅलेसेमिया तपासणीचा दाखला लागतो. तिथे दोघंही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न मोडलं नाही, गर्भाची तपासणी करून घेतली, आणि मेजरचे जन्म जवळजवळ थांबले. मला ते उदाहरण फार मोलाचं वाटतं.

थॅलेसेमिया बाजूला ठेवला तरी मामेबहीण हा मुद्दा उरतोच. कोणत्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मदोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या लग्नात त्यात आणखी दोन-तीनची भर पडते. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव-पंच्याण्णव मुलं ठीक असतात. हा धोका खरा आहे, पण ‘मुलं वेडीच होतात’ हे म्हणणंही खोटं आहे. तुमच्या बाबतीत तो किती, हे घराण्यावर ठरतं. आजीजवळ बसून तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढा. लहानपणी गेलेली मुलं, जन्मतः बहिरेपण, वारंवार झटके, उशिरा चालणं-बोलणं, वारंवार गर्भपात, एकाच आजाराची दोन माणसं, आणि याआधी नात्यात झालेली लग्नं. हे सगळं लिहून जनुकीय सल्लागाराकडे न्या. त्यात काही सापडलं तर त्या नेमक्या आजाराची तपासणी सांगतील. काही सापडलं नाही तरी नात्यातल्या जोडप्यांसाठी अनेक आजारांची एकत्र वाहक तपासणी मिळते. ती घ्यायची तर गर्भ राहण्याच्या आधी. आणि बाळ झाल्यावर टाचेच्या रक्ताची आणि श्रवणाची नवजात तपासणी चुकवू नका.

आता बहीण. तिच्या फाइलमध्ये गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीचं सीबीसी असेलच. त्यात हिमोग्लोबिनच्या खाली एमसीव्ही (पेशीचा आकार) आणि एमसीएच (एका पेशीतलं हिमोग्लोबिन) हे आकडे छापलेले असतात, बहुधा त्यांच्याकडे कुणी बघितलेलं नसतं. एमसीव्ही ८० च्या किंवा एमसीएच २७ च्या खाली असेल तर संशय आणखी बळावतो. पण आकडे चांगले दिसले तरी एचपीएलसी करायचीच, कारण सख्खा भाऊ वाहक आहे.

एरवी आधी एकाची आणि लागली तर दुसऱ्याची तपासणी करतात. इथे तसं करू नका. बहीण आणि तिचा नवरा यांचं रक्त एकाच दिवशी द्या. आठवडे मोजून बघा. आज नववा. एचपीएलसीचा रिपोर्ट येईपर्यंत दहावा लागेल. दोघंही वाहक निघाले तर दोघांच्या जनुकातला नेमका बिघाड शोधावा लागतो, तो कळल्याशिवाय गर्भात काय शोधायचं हेच कळत नाही. त्यात एक-दोन आठवडे जातात. मग अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन तपासणी करता येते. अनुभवी हातांत तिने गर्भपात होण्याचा धोका शंभरात एकाहून कमी असतो. ती वेळ हुकली तर सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून तीच तपासणी होते, पण उत्तर यायला अठरा-एकोणीस आठवडे होतात आणि तोवर बाळाची हालचाल जाणवू लागलेली असते. आईसाठी या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे.

कायद्याची भीती बाळगू नका. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्याला बंदी आहे, हिमोग्लोबिनच्या आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात, लेखी संमतीने गर्भाची तपासणी करण्याला नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो, त्यानंतर अटी वाढत जातात. आणि गर्भात मेजर निघालं तरी पुढे काय करायचं हे तिने आणि तिच्या नवऱ्याने ठरवायचं आहे. ठेवायचं ठरवलं तर त्या बाळाची रक्ताची आणि औषधांची तयारी आधीपासून करता येते.

काणकोणहून तिने थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) प्रसूती विभागात जावं किंवा मडगावला तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, जिथे या आठवड्यात भेट मिळेल तिथे. सोबत तुमच्या एचपीएलसीची प्रत न्यावी. ‘भाऊ वाहक आहे, मी नऊ आठवड्यांची आहे’ हे पहिलं वाक्य असावं. गर्भाचा नमुना इथे घेता येतो की नाही हे त्याच भेटीत विचारावं. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या आजाराच्या गर्भतपासणीचं काम करतात. बाहेर जावं लागलंच तर प्रवासाचे आणि नमुना पोहोचण्याचे दिवस वरच्या हिशेबात धरा. आणि नवरा कामावर दूर असेल, बोटीवर असेल, तर तो जिथे आहे तिथल्या प्रयोगशाळेत त्याची एचपीएलसी करून रिपोर्टाचा फोटो मागवा. तो परत येईपर्यंत थांबू नका.